कमलची आफ्रिकेची शाळा

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. मांडणीच्या मागे डब्यांची झाकणं साठतात ना, तसे ते साठतात. डबा कधीच कुठेतरी गेलेला असतो, झाकण मात्र हाताला लागत राहतं. आता तुम्ही चौघी तांदूळ निवडायला बसलात, आणि ही शेजारची म्हणाली, "ह्यांना परदेशात नोकरी लागली, पोरांच्या शाळेचं काय करायचं कळत नाही." झालं! माझी झाकणं खडखडायला लागली. तुम्ही खुशाल हसा. पण आधीच सांगून ठेवते, मला ह्यातल्या एकाही गोष्टीचं हसू आलेलं नाही. तेव्हाही नाही आणि आजही नाही.

तेव्हा आम्ही इथेच लोणावळ्यात, लोको शेडच्या चाळीत राहायचो. घाट चढताना गाडीला मागून रेटा द्यायला वाफेची इंजिनं लागायची. आमचे हे त्या इंजिनांचे फिटर. मग घाटात तारा लागल्या, विजेची इंजिनं आली, आणि शेडमधली निम्मी माणसं हात चोळत बसली. तेवढ्यात आवई उठली की आफ्रिकेतल्या रेल्वेत अजून वाफच आहे, फिटर-फायरमन पाहिजेत, बायकापोरांसकट नेतात म्हणे! सगळ्या चाळीला आनंदाचं भरतं आलं. कुणी पापड लाटायला काढले, कुणी तिखट कांडायला घेतलं. तिथे नारळ मिळतो का, ह्यावर नळावर दोन दिवस वाद झाला. मी एकटीने विचारलं, "तिथे शाळा आहे का?"

तर आमचे हे म्हणाले, "असेल."

असेल! तीन पोरं घेऊन समुद्र ओलांडायचा, आणि शाळा काय, तर असेल. दोघे मुलगे, दत्तू आणि वसंत, आणि शेंडेफळ म्हणजे कमल. ती चौथी पास होऊन पाचवीत बसलेली, वर्गात पहिली. मला स्वतःला तळेगावात चौथीतून काढलं होतं. वडील म्हणाले होते, "पुरे आता." ते 'पुरे' माझ्या अजून कानात आहे. माझ्या मुलीला कुणी 'पुरे' म्हणायचं नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. ते काही फार नव्हतं ना?

* * *

त्या आफ्रिकेच्या रेल्वेचा एक एजंट लोणावळ्याला आला. स्टेशनाजवळच्या हॉटेलात खोली घेऊन बसला होता. डोक्यावर हॅट, तोंडात विडा. मी ह्यांच्याबरोबर गेले. बायकोने यायची रीत नव्हती, पण मी गेले.

एजंट सुरू झाला. क्वार्टर मिळेल, बाग मिळेल, घरकामाला गडी मिळेल. मी म्हटलं, "शाळा?"

"मुलगे आहेत?"

"दोन."

"मग काळजीच सोडा! नैरोबीत रेल्वेच्या वसाहतीला लागून शाळा आहे. इंग्रजी शिकवतात. मुलगे साहेब होऊन परत येतील बघा."

"आणि मुलगी आहे एक."

एजंटाने विडा ह्या गालातून त्या गालात घेतला. ह्यांच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "हवा फार चांगली आहे हो तिथली!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "हवा काय पाटीवर लिहायची का तिने?"

ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी मोठ्याने म्हणाले, "पाय काढा!" एजंटाने दचकून स्वतःचाच पाय मागे घेतला.

* * *

आमच्या भिंतीपलीकडे अमिना राहायची. तिचा नवरा कासमभाई फायरमन, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा, मूळचा वडगावकडचा. त्यांचंही आफ्रिकेला जायचं चाललं होतं. त्यांची झुबेदा आणि आमची कमल एका वर्गात, एका बाकावर. भांडायच्या त्यासुद्धा एकाच पेन्सिलीवरून.

अमिनाला कुठूनतरी कळलं की वर बंगल्यांकडे साहेबांच्या मुलांची जी शाळा आहे, तिथल्या मिसचा भाऊ आफ्रिकेत असतो. म्हणाली, "चल, तिलाच इचारू. खाईल का काय आपल्याला?" आम्ही दोघी, दोन पोरी, चौघींच्या वेण्याफण्या करून निघालो. फाटकावरच्या शिपायाने अडवलं. अमिनाने त्याला त्याच्या आईची तब्येत विचारली, तो सांगत बसला, आणि आम्ही आत गेलो.

मिस स्वभावाने बरी होती, खोटं कशाला बोलू. खुर्चीवर बसवलं नाही, पण ओरडलीही नाही. तिच्या त्या हिंदुस्थानीत म्हणाली, "उधर तीन स्कूल है. एक हमारा बच्चा लोग का. एक तुम्हारा हिंदी लोग का. एक उधर का काला लोग का."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मेमसाब, और रेल का इंजिन? वो भी तीन है?"

तिला कळलं की नाही, देव जाणे. तिने कपाटातून डबा काढला आणि दोघी पोरींच्या हातावर एकेक बिस्कीट ठेवलं. म्हणजे उत्तर नसलं की बिस्कीट!

उतारावरून येताना मी इतकी फणफणत होते की कमलच्या हातातलं बिस्कीट काढून फेकायला निघाले. अमिनाने माझा हात धरला. "अगं, खाऊ दे पोरीला. बिस्किटाचा काय गुन्हा?"

* * *

आमच्या चाळीतले शंकरराव मिस्त्री आधीच आफ्रिकेला गेलेले. ते सुट्टीवर आले. ह्या माणसाने लोणावळ्यात असताना कधी टोपी धड घातली नाही, आणि आता घरात जेवायला बसले तरी डोक्यावर ती उन्हाची जाड हॅट! सगळी चाळ त्यांच्या ओसरीवर जमली. मी पहिला प्रश्न टाकला. शंकरराव म्हणाले, "शाळा आहे की. मुलींचेही वर्ग आहेत. हिंदू असाल तर गुजराथी, मुसलमान असाल तर उर्दू."

"आणि मराठी असेल तर?"

"असा वर्ग नाही."

अमिना उभीच राहिली. "आवं शंकरराव, मला कुटं येतं उर्दू? माझ्या सासूला येत न्हाई, तिच्या सासूला येत न्हवतं!"

कासमभाई कोपऱ्यात बसले होते. सावकाश म्हणाले, "आमचा नमाज अरबीत, पगार इंग्रजीत, बाकी समदं मराठीत. आन् आता उर्दू कुटनं आणू?"

शंकररावांनी समजूत घातली, "अहो, तिथे नाव लिहिताना देव कुठला ते विचारतात, त्यावरून भाषा ठरते."

बघा म्हणजे! पोरगी घरात काय बोलते, स्वप्नात काय बडबडते, ते नाही विचारायचं. देव विचारायचा! एका बाकावरच्या दोन पोरी. दोघींना 'अ अननसाचा' सोडून दुसरं काही ठाऊक नाही, आणि समुद्र ओलांडला की एक गुजराथी आणि एक उर्दू! माझं डोकं भणभणायला लागलं.

शेवटी मी विचारलं, "शंकरराव, तुमची यमू आमच्या कमलपेक्षा थोडीच मोठी. तिला तुम्ही कुठल्या वर्गात घातलंत?"

शंकररावांनी हॅट काढली, रुमालाने आतून पुसली, परत घातली.

"तिचं लग्न करून टाकलं," ते म्हणाले.

* * *

पण मीही हट्टाला पेटले होते. गुजराथी तर गुजराथी! बाजारपेठेत किराणा दुकानाच्या मागे जमनाबेन राहायच्या. त्यांच्याकडे कमलला बाराखडी शिकायला पाठवलं. अमिनाने झुबेदाला मशिदीतल्या मौलवींकडे धाडलं. मौलवी आधी नाही म्हणाले, मुलींना शिकवत नाही म्हणाले. अमिना रोज जाऊन पायरीवर बसायला लागली, तेव्हा कंटाळून हो म्हणाले.

संध्याकाळी दोघी पोरी आमच्या ओसरीवर एकच पाटी घेऊन बसायच्या. कमल डावीकडून गुजराथी लिहीत यायची, झुबेदा उजवीकडून उर्दू. मधोमध दोघींची अक्षरं एकमेकींवर आदळायची आणि मग जुंपायची! "तुझी माझ्या हद्दीत आली!" "तुझीच आली!" आम्ही दोघी आयांनी पाटीच्या मध्ये खडूची रेघ मारून दिली. तरी भांडण मिटेना.

एकदा पोरी तीच पाटी तशीच शाळेत घेऊन गेल्या. हेडमास्तरांनी उचलून आडवी धरली, उभी धरली, खिडकीशी नेऊन बघितली. मग गंभीरपणे विचारलं, "ही कुणाची पत्रिका? ह्याचं लग्न कठीण दिसतंय!"

सगळा वर्ग हसला. मला घरी येऊन कमलने सांगितलं तेव्हा ती हसत होती. मी नाही हसले. दोन लहान जीव, आईबापांच्या पोटासाठी स्वतःची लिपी बाजूला ठेवून परक्या अक्षरांशी झटापट करत होते. ह्यात हसायचं काय?

* * *

उन्हाळ्यात एक आफ्रिकावाले शेटजी हवा खायला लोणावळ्याच्या बंगल्यावर आले. जमनाबेनने बातमी आणली की नैरोबीतल्या त्या शाळेच्या कमिटीचे हेच अध्यक्ष. म्हटलं, आता कशाला एजंट आणि कशाला मिस? थेट मुळालाच हात घालू. अमिनाला घेतलं, पोरी घेतल्या, बंगल्यावर गेले.

शेटजी व्हरांड्यात झोपाळ्यावर. समोर आंब्याच्या फोडी. त्यांनी कमलपुढे गुजराथी पुस्तक टाकलं. पोरीने वाचलं हो! जोडाक्षराला अडखळली, पण पान संपवलं. शेटजींनी फोड तोंडात घातली आणि म्हणाले, "हजु काची छे. कच्ची आहे पोरगी. कच्च्या पोरीला वर्गात घेतलं तर वर्ग मागे पडतो. काय गरज आहे शाळेची?"

अमिना मला कोपराने ढोसून म्हणाली, "शेट, हिशोब इचारा त्यास्नी."

शेटजी मूळचे व्यापारी. त्यांनी सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, विचारली. दोघी पोरींनी एका सुरात म्हटली. दिडकी विचारली, म्हटली. अडीचकी उलटी विचारली, तीही म्हटली. शेटजी झोपाळा थांबवून ऐकायला लागले. शेवटी मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे वाह! एवढं सगळं येतं, मग शाळेची गरजच काय?"

मी आता भान सोडलं. "शेटजी, काही येत नाही म्हणून शाळा नाही, आणि सगळं येतं म्हणूनही शाळा नाही! मग तुमच्या त्या शाळेत बसतं तरी कोण?"

आतून शेटाणीबाईंनी स्वतःच्याच मुलाचं नाव घेतलं, "आपणो बाबूभाई!"

शेटजी आधी लाल झाले आणि मग इतके हसले, इतके हसले, की झोपाळ्याच्या कड्या वाजायला लागल्या. म्हणाले, "घेतो बाई, दोघींना घेतो. पण ही गुजराथीत आणि ही उर्दूत. ते मात्र बदलणार नाही."

काम झालं. माझ्या कमलला आफ्रिकेत शाळा मिळाली. मी घरी आले आणि गूळ वाटला.

* * *

अमिनाच्या घरात मात्र त्या दिवशी वेगळंच झालं. झुबेदाने बापाला विचारलं, "अब्बा, त्या वर्गात माझ्याशी मराठीत कोन बोलंल?"

दुसऱ्या दिवशी कासमभाई एजंटाकडे गेले आणि नाही म्हणून आले. शेडमध्ये सगळे त्यांच्यावर तुटून पडले. हातातोंडाशी आलेला घास! येडा झालास का कासम? कासमभाई म्हणाले, "पोरगी इचारती, आन् माझ्याकडं उत्तर न्हाई. उत्तर न्हाई तर कसा न्हेऊ तिला?" आणि कमी पगारावर, रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनच्या कामाला लागले. फायरमनचा पॉइंट्समन झाला माणूस!

माझा संताप झाला. कासमभाईंवर नव्हे हो, आमच्या ह्यांच्यावर! त्या माणसाकडे उत्तर नव्हतं, पण निदान त्याने प्रश्न तरी ऐकला. इथे आमची कमल रोज काहीबाही विचारत होती आणि हे मिशीला पीळ देत बुटाला पॉलिश करत होते.

* * *

शाळेचे दाखले काढले त्याचीही एक गंमत. म्हणजे तुम्हाला गंमत. एजंटाने दाखले पाहिले आणि त्याच्या कपाळाला आठ्या. "बाई, तिन्ही मुलं एक जूनला जन्मली?"

"वेगवेगळ्या वर्षी," मी म्हटलं.

"साहेब म्हणेल खोटं आहे."

"अहो, शाळा जूनमध्ये उघडते. पोराला घेऊन गेलं की मास्तर विचारतात तारीख काय, आपल्याला ठाऊक नसते, ते एक जून टाकतात. अख्ख्या मावळात हेच आहे. त्याला मी काय करू?"

"मग खरी तारीख सांगा. मुलीची सांगा."

मी आठवून सांगितलं, "पोळ्याच्या आदल्या दिवशी. दुपारची मालगाडी घाटात अडकली होती आणि हे ड्युटीवरून आलेच नव्हते."

एजंट लेखणी खाली ठेवून म्हणाला, "हे असलं नाही लिहिता येत."

"मग राहू द्या की एक जून!"

मी तणतणत हेडमास्तरांकडे गेले आणि त्यांना सांगितलं, की तुमच्या त्या एक जूनपायी माझ्या पोरांना खोटं ठरवतात. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, काय सांगू तुम्हाला? मी स्वतः एक जूनचा!" आणि त्यांनी पटावरच्या कमलच्या नावावर रेघ मारली. ती रेघ मारताना म्हणाले, "हुशार पोरगी चालली." तेवढं मात्र मला बरं वाटलं.

* * *

निघायच्या आधी कार्ल्याला निरोपाचं जेवण झालं. तिथे ह्यांचे थोरले भाऊ, आबा, शेती सांभाळायचे. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नाही. त्याला काही सांगायचं असलं की तो खांबाला सांगतो, आणि तिला काही सांगायचं असलं की ती जावेला सांगते. सगळ्यांना सगळं ऐकू येतं, तरी असं.

आबा घास घेत खांबाला म्हणाले, "पोरास्नी न्हेत्यात ते बरं हाय. पन पोरीला कशापायी न्हेत्यात? ऱ्हाऊ द्या हितंच. वासरं हायती, आमचं धाकटं सांभाळाया हुईल."

मी पदर पुढे ओढून जावेला म्हटलं, "जाऊबाई, आबांना सांगा, तिची शाळा आहे."

आबा खांबाला म्हणाले, "शाळा हितं बी हाय की!"

"जाऊबाई, सांगा, इथली शाळा चौथीपर्यंत. तिची चौथी झाली."

आबांनी रस्सा भुरकला. "झाली तर झाली! चौथी पुन्ना करंल. पाठ हुईल चांगली!"

आमचे हे हसले. हसले हो! भाकरी मोडता मोडता हसले. मला वाटलं, समोरचं पातेलं उचलावं आणि ह्या खांबावर आपटावं. गप्प बसले. परक्या मुलखात जायचं, निरोपाचं जेवण, उगीच वाद नको, असं मनाशी म्हटलं.

भांडी घासताना जाऊबाई माझ्याजवळ सरकल्या. बोटाला राख तशीच. हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, न्या तिला. हितं ठिवू नगासा." आणि पुन्हा खसाखसा भांडं घासायला लागल्या. 

* * *

आता शेवटचा ऐका, आणि मग उठा, तांदूळ तसेच राहिलेत.

निघायचा दिवस. मुंबईची गाडी दुपारची. सगळी चाळ स्टेशनवर. ह्यांच्या गळ्यात हार, दत्तू-वसंतच्या गळ्यात हार. हेडमास्तर आले होते, जमनाबेन आल्या होत्या. अमिनाने वाटेत खायला धपाटे बांधून आणले होते. झुबेदा आणि कमल एकमेकींचे हात धरून उभ्या, आज भांडण नाही. ट्रंका डब्यात चढल्या, वळकट्या चढल्या, मुलगे खिडकीत जाऊन बसले. हे पण चढले.

एवढ्यात आबा आले, हातात आसूड तसाच. बैलगाडी बाहेर उभी. मला वाटलं, भावाला निरोप द्यायला आले. आबांनी कमलच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल गं पोरी, तुजं गाठुडं कुटंय? दिस बुडायच्या आत कार्ल्याला पोचू."

मला काही कळेना. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दारात उभे राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"अहो, आबा काय म्हणतात?"

हे म्हणाले, "आगबोटीत जागा चौघांच्याच धरल्यात. आगबोटीच्या कचेरीला मागेच कळवलं होतं मी. आबा म्हणाले, गुजराथी शिकलेल्या पोरीला आपल्यात कोण करून घेईल? राहू दे तिला. सहा महिने रडेल, मग रुळेल."

मागेच! म्हणजे माझी पोर जमनाबेनच्या ओसरीवर अक्षरं गिरवत होती, तेव्हाच ह्यांनी तिला मोजण्यातून काढून टाकलं होतं. मी शेटजींपुढे तोंड वाजवलं, मी गूळ वाटला, तेव्हा हे सगळं ठाऊक असूनही हे गूळ खात बसले! आणि मला सांगायची हिंमत नाही, म्हणून गाडीत चढेपर्यंत गप्प. गाडी सुटेल, बाई काय करणार, चढेलच! असा हिशेब. बायांनो, आयुष्यात मला एवढा राग कधी आला नाही. रडूसुद्धा आलं नाही, इतका राग.

मी आबांच्या तोंडाकडे बघून कधी बोलले नव्हते. त्या दिवशी पदर खांद्यावर टाकला, आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. "आबा, गाडी रिकामी न्या. वासरांना माझी मुलगी मिळणार नाही."

आबा इकडेतिकडे बघायला लागले, खांब शोधत असतील.

मग मी डब्यात चढले. माझी ट्रंक ओढली, कमलच्या कपड्यांची वळकटी ओढली. खाली अमिना उभी होती. तिने हात पुढे केले आणि दोन्ही उतरवून घेतल्या. हे म्हणाले, "अगं, वेड लागलं का तुला? लोक बघतायत!" मी म्हटलं, "बघू द्या."

मुलगे खिडकीत कावरेबावरे झाले. वसंत रडायला लागला. माझं काळीज तुटलं, खोटं कशाला सांगू? आजही त्याचा तो चेहरा आठवला की घास उतरत नाही. पण त्यांची शाळा ठरली होती, चांगली होती, ती मी कशाला मोडू? एकीची मोडली म्हणून सगळ्यांची मोडायची का? मी दोघांचे मुके घेतले. वसंतला सांगितलं, "अभ्यास कर, पत्र लिही." आणि मग स्टोव्ह ह्यांच्या पुढ्यात ठेवला. तांदळाची पिशवी ठेवली, तिखटाची बरणी ठेवली, पोळपाट-लाटणं ठेवलं. आणि खाली उतरले.

 मी कमलचा हात धरला आणि हेडमास्तरांना म्हटलं, "मास्तर, हिचं नाव पुन्हा लिहा. पाचवीत. उद्या सकाळी येते ही."

मास्तर म्हणाले, "लिहितो बाई."

शिट्टी झाली. गाडी हलली. हे दारात उभे, गळ्यात तो हार, दोन्ही हातांत स्टोव्ह. कमलच्या शाळेसाठी मी लोणावळा पालथा घातला, पण ह्या माणसाने मला एक प्रश्न म्हणून कधी विचारला नव्हता. गाडीने वेग घेतला तसे हे पार बाहेर वाकले आणि सगळ्या स्टेशनला ऐकू जाईल असे ओरडले,

"अगं एऽ! भाताला पाणी किती घालायचं?"

मी तिथूनच ओरडले, "तिथल्या शाळेत विचारा!"